ठाण्याहून पहिल्यांदा आइस स्केटिंगला जाताय? निम्मी तयारी इथेच करून जा

डिसेंबर लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज चालू होतात, कोणीतरी शिमल्याचं बुकिंग केलेलं असतं आणि कोणाचे तरी आईबाबा मुलाकडे नाहीतर मुलीकडे टोरंटोला निघालेले असतात, आणि दोघांचा प्रश्न सेम, तिकडे गावात उघड्यावर बर्फाचं रिंक असतं म्हणे, आपल्याला जमेल का? जमतं हो. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे पंखा एक पॉइंट कमी करायचा एवढंच, त्यामुळे बर्फावर उभं राहणं आपलं कामच नाही असं बऱ्याच जणांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं, मग तिथे जाऊन कठड्याबाहेर उभं राहायचं, फोटो काढायचे आणि परत यायचं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण भर शहरात, उघड्या आकाशाखाली, शाळेतली पोरं, ऑफिस सुटून आलेली माणसं, आजीआजोबा सगळे एकाच दिशेने गोल फिरतायत आणि त्यांच्यात आपणही आहोत ही मजा बाहेर उभं राहून मिळत नाही.

माझं म्हणणं असं आहे की रिंकवर आपलं काय होणार हे निम्मं इथे ठाण्यातच ठरतं. तिथे पोचल्यावर शिकायला वेळच नसतो, बोटं गारठलेली असतात, मागून लोक येत असतात, बूट भाड्याचे असतात. त्यामुळे गुडघ्यात वाकून उभं राहणं, पडणं आणि उठणं, आणि बूट नीट बांधणं, ह्या तीन गोष्टी येत असतील तर बाकीचं बर्फावर आपोआप येत जातं. पुढे सरकायची काळजीच करू नका, बर्फ आपल्याला सरकवतोच.

आधी रिंक कुठलं ते बघा, कारण दोन प्रकार असतात आणि दोन्हीचं प्लॅनिंग वेगळं. एक म्हणजे निसर्गाच्या थंडीवर गोठणारं. आपल्या देशातलं सगळ्यात जुनं नाव शिमल्याचं, १९२० पासूनचं, लक्कड बाजाराच्या खालच्या अंगाला. तिथे परंपरेने रात्री मैदानावर पाण्याचे पातळ थर मारायचे आणि ते थंडीने गोठू द्यायचे अशीच पद्धत. आता यात गंमत अशी की नुसती थंडी पुरत नाही, आकाश स्वच्छ लागतं. ढग नसले की जमिनीतली उष्णता रात्रभर वर निघून जाते आणि बर्फ कडक होतो, ढग आले की ते गोधडीचं काम करतात आणि बर्फ मऊ पडतो. म्हणजे आपल्याला वाटतं की ढगाळ, गारठलेला दिवस स्केटिंगला भारी असणार, तर नेमकं उलटं. म्हणून शिमल्याला जाताना एकच सकाळ हाताशी ठेवू नका, दोन-तीन ठेवा, आणि आज सेशन आहे का हे आदल्या संध्याकाळी हॉटेलवाल्याला विचारून घ्या. सेशन सकाळी आणि संध्याकाळी असतात कारण मधल्या उन्हात बर्फ नरम होतो. सकाळचं घ्या. संध्याकाळी दिव्यांमुळे छान दिसतं हे खरंय, पण नवीन माणसाला उजेड आणि कमी गर्दी जास्त उपयोगी.

शिमल्याला आपण चंदीगडपर्यंत जाऊन पुढे गाडीने जातो, किंवा कालकाहून ती छोटी रेल्वे, ९६ किलोमीटरचा रूट आहे, १९०३ पासून चालू, मुलं असतील तर त्या रेल्वेनेच जा. पण पोचलात त्याच दिवशी रिंकवर पळू नका, गाव २,२०० मीटरच्या आसपास आहे, तिथली हवा विरळ, आणि आपण समुद्राच्या लेव्हलला राहणारी माणसं. दोन जिने चढून दम लागतो तिथे बर्फावर लवकरच लागणार. लडाखला लेहमध्ये कारझू तळ्यावर स्केटिंग चालतं, पण लेह ३,५०० मीटर, तिथे तर पहिले दोन दिवस फक्त आराम, स्केटिंगचं नाव तिसऱ्या दिवसानंतर काढा.

दुसरा प्रकार म्हणजे मशीनवर गोठवलेलं रिंक, परदेशातल्या मोठ्या शहरांत भर चौकात असतं ते हेच. खाली पाइपांचं जाळं, त्यातून अतिथंड खारट पाणी किंवा ग्लायकॉल फिरतं आणि वर काही सेंटिमीटरचा बर्फ. टोरंटोला सिटी हॉलसमोर नेथन फिलिप्स स्क्वेअर आहे, १९६५ मध्ये तो सिटी हॉल उघडला तेव्हापासूनचा चौक, उन्हाळ्यात तिथे पाण्याचा तलाव असतो आणि हिवाळ्यात त्याच तलावाचं रिंक होतं, वर काँक्रीटच्या तीन कमानी. आत जायला पैसे नाहीत, बूट भाड्याने मिळतात त्याचे द्यायचे. मुलं टोरंटोजवळच्या मिसिसागाला असतील तर तिथे सेलिब्रेशन स्क्वेअरला असंच आहे, ब्रॅम्प्टनला असतील तर गेज पार्कमध्ये गोल रिंकऐवजी वळणावळणाची बर्फाची वाटच आहे, आणि ठाण्या-नवी मुंबईतले कितीतरी लोक ह्याच दोन गावांत मुलांकडे जातात त्यामुळे मुद्दाम सांगते, रिंकसाठी दरवेळी डाउनटाउनला जायलाच पाहिजे असं काही नाही. न्यूयॉर्कला रॉकफेलर सेंटरचं १९३६ पासूनचं रिंक सगळ्यांना माहीत असतं, पण ते लहान आणि तिकीट महाग. तिथून चालत अंतरावर ब्रायंट पार्क आहे, तिथे आत जायला पैसे नाहीत, बुटांचे द्यायचे, पण वेळ आधी बुक करून ठेवा. व्हिएन्नाला टाउन हॉलसमोर जानेवारीत जे रिंक सुरू होतं ते बघायलाही सुंदर, बागेतल्या झाडांमधून बर्फाच्या वाटा.

आणि कॅनडातल्या ऑटावाचा रिडो कॅनॉल. शहरातला कालव्याचा ७.८ किलोमीटरचा भाग गोठून त्याचंच रिंक होतं, लोक त्यावरून स्केटिंग करत ऑफिसला जातात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिथून सुरुवात करू नका, धरायला कठडा नाही आणि नैसर्गिक बर्फ असल्यामुळे भेगा असतात, पण एखादं रिंक करून झालं की नक्की जा. एक लक्षात ठेवा, २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झालाच नाही आणि कालवा पूर्ण सीझन बंद राहिला, असं पहिल्यांदाच झालं. त्यामुळे फक्त त्याच्यासाठी तिकीट काढू नका.

कुठलंही रिंक असो, जायच्या दिवशी सकाळी त्या शहराच्या साइटवर चालू आहे का ते बघायचंच. पाऊस पडला की बंद, थंडी अचानक कमी झाली तरी बंद किंवा पाणी साचलेलं. बर्फ शून्याच्या जवळ असला की ओला आणि मऊ, उणे वीसला गेला की इतका टणक आणि कोरडा की सरकायलाही जोर लागतो, मजा मधे कुठेतरी, उणे पाचच्या आसपास. शाळेत शिकवायचे की ब्लेडच्या दाबाने बर्फ वितळतो म्हणून घसरतो, ते पूर्ण कारण नाहीये, बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू शून्याच्या खालीसुद्धा सैल असतात आणि तोच थर निसरडा असतो, थंडी खूप वाढली की तो थर पातळ होतो. म्हणून खूप थंडीत रिंक रिकामं दिसतं आणि आपल्याला वाटतं वा काय चान्स आहे, पण पहिल्या वेळेला तो दिवस नको.

वार म्हणाल तर मंगळवार-बुधवार सकाळ. शनिवार-रविवार दुपार आणि ख्रिसमस ते न्यू इयर हा आठवडा टाळा. आणि रिंक उघडतं त्याच वेळेला जा, कारण तेव्हा बर्फ ताजा असतो. तासादीडतासाने सगळ्यांना बाहेर काढून एक मशीन फिरवतात, त्याला सगळे झांबोनीच म्हणतात, फ्रँक झांबोनी नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात १९४९ मध्ये ते बनवलं. ते खरवडलेला वरचा थर उचलतं, धुतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडत जातं. हो, गरम पाण्याचा, कारण ते खालच्या बर्फाला थोडं वितळवून त्याच्याशी चिकटतं आणि मग गोठतं. ते मशीन जाताना मुलांना नक्की दाखवा. मागे काळी चकचकीत ओली पट्टी राहते, तिच्यावरून वाफ निघत असते, आणि दोन-चार मिनिटांत बघता बघता ती पांढुरकी होऊन गोठते. त्यानंतर आत जाणारे पहिले आपण असलो तर त्याच्यासारखं सुख नाही, एकही ओरखडा नसतो.

आता ठाण्यातली तयारी. निदान तीन आठवडे आधी चालू करा. पहिली गोष्ट मांड्या. स्केटिंगमध्ये पूर्ण वेळ गुडघे वाकलेले लागतात, आणि आपले गुडघे लोकलमध्ये उभं राहून उभं राहून सरळ राहायला शिकलेत. रोज उठाबशा काढा, पण हळू, खाली जाऊन तिथे थोडं थांबायचं. उपवनला फिरायला जात असाल तर येऊरचा चढ चढा आणि मुख्य म्हणजे उतरताना गुडघे वाकवून, पाऊल दाबून उतरा, उतारच मांड्यांना तयार करतो. बेलापूर-नेरूळकडच्यांना पारसिक हिल आहेच. दुसरी गोष्ट एका पायावर उभं राहणं. किचनमध्ये कुकर लावला की पहिली शिट्टी होईपर्यंत उजवा पाय, दुसरी होईपर्यंत डावा, गुडघा किंचित वाकलेला, ओट्याला हात न लावता. हे ऐकायला साधं वाटतं पण स्केटिंग म्हणजे शेवटी एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकणंच आहे, तेवढं आलं की आलं.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, पडायची प्रॅक्टिस. गादी खाली टाका. गुडघे वाका, अजून वाका, आणि एका बाजूला कुल्ल्यावर बसल्यासारखं खाली जा, हनुवटी छातीला लावलेली, हात पोटाजवळ, मुठी बंद. तोल गेला की हात मागे टेकायचा हे आपल्या अंगात बसलेलं असतं आणि तेच मोडायचंय, कारण स्केटिंगमध्ये मनगट फ्रॅक्चर होतं ते बहुतेक असंच, पसरलेल्या हातावर पूर्ण वजन येऊन. मग उठणं. आधी वळून गुडघ्यांवर या, मग एक पाऊल पुढे दोन हातांच्या मधे ठेवा, दोन्ही हात त्याच गुडघ्यावर, आणि दाब देऊन वर. मेथड लहानथोर सगळ्यांना सारखीच. घरातल्या सगळ्यांनी करा, माझ्या मावशीने हे पांचपाखाडीच्या घरात हॉलमध्ये गादी टाकून केलं आणि मिसिसागाला ती पडली तेव्हा शेजारची दोन माणसं उचलायला धावली तर त्यांना हाताने थांबवून ती स्वतःची स्वतः उठली, मग तिची भीतीच गेली, पुढचा अर्धा तास ती नातवाच्याही पुढे होती.

मुलं सोसायटीच्या पोडियमवर नाहीतर शाळेच्या ग्राउंडवर स्केटिंगच्या क्लासला जात असतील तर त्यांचं काम अर्धं झालंय. चार चाकी क्वाडवाल्यांना तोल माहीत असतो, इनलाईनवाल्यांना तर एका ओळीतल्या चाकांमुळे ब्लेडचा अंदाजही असतो. फक्त एक सांगून ठेवा, इनलाईनला टाचेमागे ब्रेक असतो आणि क्वाडला पुढे, बर्फावरच्या बुटांना असा कुठलाही ब्रेक नसतो, थांबायची पद्धत वेगळी, ती खाली सांगते. मोठ्यांनाही वाटलं तर क्लासच्या सरांना विचारून दोन-चार वेळा इनलाईन घालून बघा, कोणी हसत नाही.

कपडे. जीन्स नको, वाकता येत नाही आणि एकदा ओली झाली की पूर्ण वेळ ओलीच. आतून थर्मल, मधे फ्लीस किंवा लोकर, वरून वारा अडवणारं जॅकेट कमरेपर्यंतचं, खाली ट्रॅक पँट किंवा ट्रेकिंगची पँट. अंगाला लागून कॉटन घालू नका कारण घाम येतो, हो बर्फावर घाम येतो, दहा मिनिटांत येतो, आणि कॉटन तो धरून ठेवतं आणि थांबलात की कापायला लागता. थर्मल आणि हातमोजे डेकॅथलॉनमध्ये मिळतात, परदेशात घ्यायचे म्हणून थांबलात तर एअरपोर्ट ते घर एवढ्यातच हुडहुडी भरेल. हातमोजे सगळ्यांना कंपल्सरी, थंडीसाठी तर आहेतच पण पडल्यावर शेजारून कोणाचं ब्लेड जात असतं त्यासाठीही. एक जास्तीची जोडी न्या, पहिली ओली होतेच. ओढणी, लांब मफलर, पायघोळ कोट नको. आईला साडीच नेसायची असेल तर आईने बाहेरून बघावं, ह्यात तडजोड नाही. चष्म्याला मागून दोरी लावा. ओठांना आणि टाचांना कोकमाचं तेल, आदल्या रात्रीपासून, मी सगळं करून बघितलंय, ह्याच्याइतकं काही टिकत नाही.

मोजे मात्र एकच जोडी, पातळ किंवा मध्यम, घोट्याच्या वर येणारे. दोन जोड्या घातल्या की बुटात पाय दाबला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात.

आता बूट, आणि इथे घाई करू नका. काउंटरवर नंबर सांगताना लक्षात घ्या की कॅनडा-अमेरिकेत नंबर वेगळे, आपला पुरुषांचा ८ तिकडे साधारण ९ होतो, बायकांचा ५ तिकडे ७ च्या आसपास. दोन प्रकार विचारतील, फिगर आणि हॉकी. फिगरच्या ब्लेडला पुढे दाते असतात आणि ब्लेड लांब, हॉकीचं ब्लेड पुढेमागे गोलसर. पहिल्या वेळेला मी फिगर सांगते, मागे पडायची शक्यता कमी, फक्त दाते बर्फात रुतले की तोंडावर पडाल एवढं ध्यानात ठेवायचं, ढकलताना अंगठ्याने नाही तर पावलाच्या आतल्या कडेने ढकलायचं. बूट हातात आला की ब्लेड बघा, गंज असेल तर बदलून मागा. नखाचा वरचा भाग ब्लेडच्या कडेवरून हलकेच आडवा फिरवा, नखाची अगदी बारीक पावडर निघाली तर धार आहे, नुसतं गुळगुळीत सरकलं तर धार नाही. बोथट ब्लेडवर पाय बाजूला निसटतात आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये, म्हणून सांगते, न लाजता बदलून मागा, ते रोज शंभर जणांना बदलून देत असतात.

लेस पूर्ण सैल करा, जीभ वर ओढा, पाय आत घालून टाच मागे दोनदा जमिनीवर आपटा म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते. मग खालून बांधत या. बोटांवर बेताचं, बोटं आत हलली पाहिजेत. जिथे पाऊल संपून पाय चालू होतो, घोट्याच्या पुढची ती घडी, तिथे सगळ्यात घट्ट, जोर लावून, आणि सगळ्यात वर पुन्हा थोडं मोकळं, दोन बोटं जातील एवढं. नऊवारीचा कासोटा जसा एका जागी आवळला की बाकी पाय मोकळे पळतात तसंच आहे हे. वर घट्ट आवळलं तर गुडघा पुढे वाकत नाही आणि गुडघा वाकला नाही की खेळ संपला. बांधून झालं की उभे राहा, गुडघे वाका, टाच आत उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, परत बसा, एक नंबर कमी घ्या. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली आणि वाकल्यावर मागे सरकली की बरोबर. उरलेली लेस बुटात खोचा, लोंबती ठेवू नका. मुलांचे बूट मोठ्यांनी बांधा, मुलं बरोब्बर उलटं बांधतात, वर घट्ट आणि मधे सैल. चपला-बूट ठेवायला लॉकर असतात, काही ठिकाणी कुलूप आपलंच लागतं, छोटं एक बॅगेत टाका. आणि ब्लेड घालून फक्त रबरी मॅटवरून चालायचं, काँक्रीटवर चाललात तर धार गेली.

बर्फावर उतरताना कठड्याला धरून एक एक पाय. उतरल्या उतरल्या पुढे निघू नका, जागच्या जागी पावलं उचला, डावा उजवा डावा उजवा. गुडघे वाकलेले, हात कमरेच्या उंचीला पुढे, नजर समोर. पायाकडे बघितलं की डोकं खाली जातं आणि डोक्यामागे आपणही जातो. घाबरलं की अंग मागे जातं, आणि मागे गेलं की पडणं ठरलेलं, त्यामुळे भीती वाटली की अजून वाकायचं, सरळ व्हायचं नाही. मग टाचा जवळ, चवडे बाहेर, इंग्रजी व्ही सारखे, आणि तशीच छोटी पावलं टाकत पुढे. तीन-चार पावलं टाकली की दोन्ही पाय समांतर करून नुसते उभे राहा, सरकत राहाल. थांबत आलात की परत तीन-चार पावलं. एवढंच पहिली वीस मिनिटं करा. कठड्याला एक हात हलका लावा, दोन्ही हातांनी मिठी मारू नका, मिठी मारली की पाय शरीराखालून पुढे पळतात.

सरकणं जमलं की दोन्ही पायांची एक गंमत करून बघा. टाचा जवळ आणि चवडे बाहेर ठेवून सुरू करा, दोन्ही पाय बाहेर जाऊ द्या, खांद्याएवढे लांब झाले की चवडे आत वळवा आणि पाय परत जवळ आणा. पाय न उचलता पुढे जाता, मुलांना हे फार आवडतं. आणि ह्याचंच अर्धं म्हणजे ब्रेक. पाय लांब, चवडे आत, टाचा बाहेर, गुडघे एकमेकांकडे, आणि टाचा बाहेर ढकलत बर्फ खरवडायचा. खर्र असा आवाज आला आणि ब्लेडपुढे पांढरा भुगा जमला की बरोबर चाललंय. आधी हळू सरकताना करा, मग थोड्या स्पीडला. समोर कोणी आलं आणि ब्रेक लागला नाही तर त्याला धरायचं नाही, बाजूला बसून पडायचं, ती गादीवरची प्रॅक्टिस इथे कामाला येते. पडलात की लगेच हात जवळ घ्या, दम खा, मग उठा, पण ट्रॅफिकच्या मधोमध बसून राहू नका.

रिंकवर सगळे एकाच दिशेने फिरतात, बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट, पण आत जाण्याआधी दोन मिनिटं बघून घ्या कारण काही ठिकाणी मधेच दिशा बदलायला लावतात. हळू जाणारे बाहेरून कठड्याजवळून, पळणारे आतून. आपण ग्रुपने गेलो की सगळ्यांनी हात धरून लाइन करायची हौस असते, ती करू नका, एक पडला की सगळे पडतात आणि मागचेही. मुलाला कडेवर घेऊन तर कधीच नाही. मोबाइल खिशात, आणि चेन असलेल्या खिशात. फोटो काढणारा एक माणूस कठड्याबाहेर ठेवा, थंडीत मोबाइलची बॅटरी पटकन उतरते त्यामुळे त्यानेही मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावा.

लहान मुलांना ढकलत न्यायला प्लास्टिकचे पेंग्विन, सील किंवा फ्रेम भाड्याने मिळतात, पहिल्या पंधरा मिनिटांसाठी ठीक आहेत, नंतर काढून घ्या, नाहीतर मूल त्यावरच रेलून शिकतं. हेल्मेट लहानांना हवंच आणि मोठ्यांनीही पहिल्यांदा घालायला हरकत नाही. सायकलचं हेल्मेट डोक्याची मागची बाजू कमी झाकतं, तिथे हॉकीचं भाड्याने मिळत असेल तर ते घ्या. इनलाईनचे मनगटाचे गार्ड घरी असतील तर बॅगेत टाका, हातमोज्याच्या आत किंवा वरून बसतात.

आईबाबांबद्दल स्पष्ट सांगते. साठी ओलांडलेल्यांनी जाऊच नये असं अजिबात नाही, चालतेफिरते असतील, उठाबशा निघत असतील तर जावं, सोबत एक स्केटिंग येणारा माणूस ठेवावा. पण हाडं ठिसूळ असल्याचं डॉक्टरांनी सांगितलंय, गुडघा बदललाय, चक्कर येते, तर नको. बीपी आणि हार्टवाल्यांनी डॉक्टरांना विचारून, कारण नुसत्या गारठ्यानेही बीपी वाढतं. शुगर असणाऱ्यांनी बूट काढल्यावर पाय नीट बघायचे, फोड आलेला कळत नाही. आणि परदेशी जाताना जो ट्रॅव्हल इन्शुरन्स काढता त्यात आइस स्केटिंगची दुखापत धरली आहे का हे निघायच्या आधी एजंटकडून लेखी घ्या, तिकडे मनगटाच्या एका प्लास्टरचं बिल बघून डोळे पांढरे होतात.

खायचं प्यायचं. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि गच्च जेवूनही नको, तासभर आधी पोहे-उपमा असं काही. खिशात शेंगदाण्याची चिक्की, संक्रांतीच्या सुमाराला गेलात तर तिळाचे लाडू, पटकन ताकद येते आणि थंडीने खराब होत नाहीत, फक्त चिक्की आधी तोंडात ठेवून नरम करा, गारठून दगड होते. रिंकवर खाऊ नका, बाहेर येऊन खा. पाणी प्यायची आठवण राहत नाही कारण तहान लागत नाही, थर्मासमधून कोमट पाणी मधे मधे घ्या. शेजारच्या स्टॉलवर हॉट चॉकलेट मिळतं, शिमल्याला आल्याचा चहा, ते मधल्या ब्रेकला, झांबोनी फिरत असताना.

बोटं पांढरी पडून बधिर झाली तर लगेच आत जा, हात काखेत घ्या, चोळू नका, एकदम कढत पाण्यातही घालू नका. पहिल्या दिवशी एक ते सव्वा तास बास. पाय थरथरायला लागले, तळव्यांच्या कमानीत कळ येऊ लागली की तीच निघायची वेळ, त्यानंतरच्या पाच मिनिटांत जास्त लोक पडतात. बाहेर आलात की लगेच बूट काढा, कोरडे मोजे घाला, मग बाकीच्या गप्पा. रात्री पोटऱ्यांना आणि नडगीला तिळाचं तेल लावून गरम पाण्याने शेक. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलणारच, तो दिवस म्युझियमला नाहीतर शॉपिंगला द्या आणि परवा सकाळी रिंक उघडायच्या वेळेला पुन्हा जा, ह्या वेळेला कठड्यापासून हातभर लांबूनच सुरुवात करा.